घराची बॅटरी

इंदुलकर बाईंची गाडी दिवाळीनंतर
उचगावच्या शेडमध्ये नेऊन लावली.
तीस वर्षं भूगोल शिकवून
फंडाच्या पैशात घेतलेला जुना टेम्पो ट्रॅव्हलर,
आत पलंग, ओटा, वाटीएवढं बेसिन,
पलंगाखाली दोन बॅटऱ्या.

इंजिनची वेगळी. ती एक दणका देते आणि मोकळी होते.
या घराच्या.
रात्रभर पंखा, दिवा, पाण्याचा पंप ओढतात,
कुरकुरत नाहीत,
म्हणून माणसं त्यांना मारतात.

बाईंचा खुबा मोडला. गडहिंग्लजला भाचीकडे गेल्या.
"थंडीभर उभी राहील. काय करावं लागेल?"
म्हटलं, निगेटिव्ह काढून ठेवतो.
दहा नंबरचा पाना, अर्धा मिनिट.
"मग घड्याळ?"
कुठलं घड्याळ?
"ओट्यावरचं, हिरव्या आकड्यांचं. बंद पडेल ना?"
पडणारच की.
"मग नको."

वीस वर्षं उद्यमनगरात काढली.
एकाही पँटीला माझ्या ॲसिडचं भोक नाही असं नाही.
गिऱ्हाईक भाव विचारतं, गॅरंटी विचारतं,
घड्याळापायी कुणी अडलं नव्हतं.

म्हणून दर रविवारी उचगाव.
रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, त्यांचे फाटके स्पीकर,
हवेत गुऱ्हाळाचा गोड धूर,
आणि मी पलंगाची फळी उचलून
कमरेपर्यंत आत.

सहा टोपणं इकडं, सहा तिकडं.
हायड्रोमीटरचा रबरी गोळा दाबायचा, सोडायचा,
काचेत काडी कुठवर तरंगते बघायचं.
बाराशे पन्नास. बाराशे चाळीस.
चौथं घर जरा आळशी.
पाणी घालायचं तर डिस्टिलच,
नळाचं नाही, पंचगंगेचं तर नाहीच नाही.
टर्मिनलवर मोरचूद फुटल्यासारखी बुरशी येते,
तिला गरम पाणी, खायचा सोडा, जुना ब्रश,
वरून व्हॅसलिनचं बोट.
मग चार्जर. खिडक्या उघड्या.
आणि तातोबा वॉचमनला हाक:
बिडी तिकडं लांब!

सगळं बंद केलं तरी काहीतरी चालूच असतं.
गाडीचं सांगतोय.

दुपारी फोन. "किती?"
बारा पॉइंट सहा.
"आणि त्यात वाजले किती?"
वाकून बघायचो. तीन दहा.
"बरोबर," म्हणायच्या,
आणि भाचीच्या आमटीवर घसरायच्या.

जानेवारीत मेहुण्याचं लग्न. दोन रविवार चुकले.
गेलो तर बेसिनवरचा पिवळा बल्ब
तांबूस होऊन पडलेला.
मीच लावला होता. मीच विसरलो होतो.
अकरा पॉइंट चार.
इतकं उतरलं की प्लेटांवर पांढरं मीठ धरतं,
वेळ गेली तर खरवडून निघत नाही.
तेवढ्यात फोन. "किती?"
बारा पॉइंट सहा, म्हटलं.
पलीकडं कुकरची शिट्टी झाली, संपली.
"दस्तगीर, मी तीस वर्षं कॉपी पकडलीय."

दोन रात्री तिथंच झोपलो,
बाईंच्या पलंगावर, चार अँपियरच्या वर.
खाली बॅटऱ्या बुडबुडत होत्या,
चुलीवर मंद ठेवलेल्या कशासारख्या.
कूस बदलली की समोर हिरवे आकडे.
मोबाइलशी लावून बघितले.
घड्याळ चार मिनिटं मागं.
हात पुढं केला, मग परत घेतला.
माझी वस्तू नव्हती.

मार्चमध्ये बाई आल्या, वॉकर घेऊन.
एक पायरी चढायला शंभर उसासे,
आणि पहिली नजर ओट्यावर.
"चार मिनिटं मागं आहे."
हो.
"नोव्हेंबरपासून आहे. तू तीन दहा म्हणायचास,
इकडं तीन चौदा झालेले असायचे."
मग बरोबर कशाला म्हणायचा, बाई?

त्या पलंगावर टेकल्या होत्या,
तळहातानं फळी चाचपत.
"टाकीत पाणी भर," म्हणाल्या,
"आणि तो बल्ब तेवढा बदल."