दोन सजद्यांच्या मधे

लग्न होऊन मिरजेहून दाभोळात आले
तेव्हा नमाज मला येत होती.
म्हणजे, मला तसं वाटत होतं.

असरला सासूशेजारी जानमाज अंथरली.
पहिल्या सजद्यातून उठले, टेकले न टेकले
तोच पुन्हा कपाळ जमिनीला.
शेजारी मैमुनाबी अजून बसलेल्याच.
ओठ चालू, नजर मांडीवर,
जणू फेरीबोट धोपाव्याहून सुटलेलीच नाही
आणि धक्क्यावर कुणालाच घाई नाही.

सलाम फेरल्यावर म्हणाल्या,
"बस गो वायच. कोण हाकलतंय तुला?"

मग बोटांच्या पेरांवर मोजून सांगितलं
त्या एवढ्याशा बसण्यात काय काय मागायचं ते.
रब्बिग़्फ़िर ली : माफ कर.
वर्हम्नी : दया कर.
वज्बुर्नी...
इथे त्या अडल्या. याला आपल्यात काय म्हणायचं?
उठल्या, मला खिडकीशी नेलं.
खाली वाळूत होडी कुशीवर कलंडलेली,
सासरे गुडघ्यांवर बसून दोन फळ्यांच्या सांध्यात
चंद्रूस माखलेला कापूस ठोकत होते.
"ह्या," त्या म्हणाल्या.
"ह्या कर माझ्यासंगती, म्हणायचं."

बाकीचं सोपं होतं :
वर उचल, रोजी दे, वाट दाखव, धडधाकट ठेव,
झालं गेलं सोडून दे.
बाजाराच्या यादीसारखं पाठ केलं मी.

शेवटच्या बैठकीत मात्र आमचं जुळलं नाही.
माझी अत्तहिय्यात आईकडची,
त्यांच्यात 'मुबारकातु' जास्तीचं.
माझं बोट 'ला'ला उठतं, 'इल्लल्लाह'ला खाली येतं.
ते जिथे खाली येतं
नेमकं तिथेच त्यांचं वर जातं,
आणि सलामापर्यंत तसंच राहतं,
जरासं वाकलेलं,
सुपाऱ्या कातरून पेराशी काळं पडलेलं.
मी बदलू का, विचारलं.
"आईनं शिकवलंय ता मोडू नको.
घाई तेवढी मोड."

दुसऱ्या वर्षी, होड्या झापांनी शाकारून वर ओढलेल्या,
हे जहाजावर, एडनच्या पुढे कुठेतरी,
मी चिपळूणच्या दवाखान्यातून रिकामी परत आले.
चौथा महिना होता.
कुणी काही बोललं नाही. पेज आली, लोणचं आलं,
शेजारच्या सारंगांची मुलगी येऊन
माझे केस विंचरून गेली.

नमाज पुन्हा लागू झाली त्या दिवशी
पहिल्या सजद्यातून उठले आणि बसले.
माफ कर. कशाबद्दल, ते माहीत नव्हतं.
दया कर.
वज्बुर्नी.
पुढचा शब्द आलाच नाही.
आठवत होता, पण येत नव्हता.
उचल म्हणायचं, तर आधी पडलेलं सगळं
गोळा तरी व्हायला हवं ना.
वज्बुर्नी. वज्बुर्नी.
मैमुनाबींनी सलाम फेरला, उजवीकडे भिंतीला,
डावीकडे खाडीला.
माझ्याकडे पाहिलं नाही.
जानमाजेची घडीही घातली नाही.
खालून, झापांच्या आतून,
ठक. ठक. मग थोडं थांबून, ठक.

सासऱ्यांना मी एकदा विचारलं होतं,
इतकं ठोकता, मग सांधा का दिसतो?
म्हणाले होते, दिसू दे की.
दिसण्यानं होडी बुडत नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही.
मग वर्फ़अनी म्हटलं. वर्ज़ुक़्नी. सगळं, शेवटपर्यंत.
दुसरा सजदा केला.
बोट उठलं, बोट खाली आलं.

सलाम फेरला तेव्हा त्या तिथेच होत्या,
पाय मुडपून, तसबीहचे मणी ओढत.
"बसलीस गो बराच वेळ," म्हणाल्या.
"चाय गार झाली."