दारापासून सुरुवात

होळीची राख अजून चौकात आहे
आणि रंगपंचमीचा जांभळा
हेमलतावहिनींच्या कानामागे.
कडुनिंब रोज पहाटे एवढा गळतो
की झाडूवाली रामप्यारी शिव्या देते त्याला,
अगदी नात्यातला असल्यासारख्या.
रईसभाई सायकलवर खसच्या ताट्या बांधून निघालाय,
गराडूवाल्यानं कढई आत ठेवून
उसाचा चरक लावलाय.
म्हणजे आला.
वसंत वगैरे लोकमान्य नगरात कोणी म्हणत नाही.
विचारतात, "गच्चीचं काय करताय यंदा?"

गच्चीला चुना.
दरवर्षी मीच लावते.
कळीचा चुना रात्रभर ड्रमात,
सकाळपर्यंत खदखदून गप्प झालेला,
आमचे हे चहा मिळाल्यावर व्हायचे तसा.
त्यात फेव्हिकॉल, मूठभर मीठ.
कुंच्याला लांब काठी, कारण गुडघे.

आश्लेषचं जहाज दुरुस्तीला लागलंय
ग्रीसच्या कुठल्याशा बेटावर.
नाव तो दोनदा सांगतो, मी दोनदा विसरते.
चौतीस वर्षं ट्रंककॉल जोडले,
जीभ कुठल्या गावाला अडली नव्हती.
काल त्यानं फोटो पाठवला:
काळ्या कपड्यांतली एक म्हातारी
पायऱ्यांच्या कडांना चुना देतेय,
बादलीपाशी मांजर.
मी दोन बोटांनी फोटो ताणला.
चेहरा नव्हता बघायचा, कुंचा बघायचा होता.
बरा आहे तिचा. माझ्यापेक्षा दाट.
"पाहुणे यायच्या आत सगळं गाव पांढरं करतात," त्यानं लिहिलेलं,
"बोटी उलट्या करून रंगवतायत,
खानावळीच्या खुर्च्या बाहेर आल्यात,
डोंगरावर पिवळी फुलं, नाव माहीत नाही."
मी लिहिलं, जेवतोस ना.

तर आज सकाळी
त्या बाईचाच विचार करत असणार मी,
कारण सुरुवात दारापासून केली.
असं नवशिके करतात.
हात फिरत गेला, ऊन पाठीवर आलं,
आणि मान वर केली तेव्हा मी टाकीपाशी,
पायाखाली चार फरश्या कोरड्या
आणि चहूकडे ओला चुना, जिन्याच्या दारापर्यंत.

पलीकडच्या गच्चीवर सुती साडी अंथरून
वहिनी बटाट्याचे चिप्स वाळत घालत होत्या.
"मारा उडी," म्हणाल्या,
आणि इतक्या हसल्या की तीनचार चकत्या
खाली गल्लीत, रामप्यारीच्या टोपलीत.
मग बिचाऱ्यांनी कठड्यावरून एक लिंबू टाकलं,
कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नाही.
मी झेललं. पदरात बांधलं.
टाकीला टेकून बसले.
किती वर्षांनी अशी बसले असेन,
उठता येत नाही म्हणून.

फोन वाजला.
"आई, कुठे आहेस?"
"गच्चीवर. अडकलेय."
सांगितलं सगळं. तो आधी हसला,
मग म्हणाला, तो सुटा भाग आला नाही अजून,
आणखी पंधरा दिवस तरी.
मागे घंटा वाजत होती, बकरीची की देवळाची,
आणि वारा, तिथला, माझ्या कानात.
काय बोलावं सुचेना.
"त्या बाईला विचार," म्हटलं,
"ती कुठून सुरू करते."
"आई, मला तिची भाषा येत नाही."
"हातानं विचार."

खालून बद्रीलाल ओरडला,
वर्षाचा गहू आला होता, सिहोरचा शरबती,
"बाईजी, बोरी कहाँ रखूँ?"
जिन्यात ठेव. थांब जरा, पैसे देते.
"कितनी देर?"

ओला असतो तेव्हा चुना कळकट दिसतो,
राखाडी, पाण्यात पाणी मिसळल्यासारखा.
नवखा माणूस म्हणेल, फुकट गेली मेहनत.
दाराकडची एक पट्टी आत्ता कुठे
कडेकडेनं उजळायला लागली होती.
त्यावर एक साळुंकी उतरली,
चार पावलं चालली, पाय झटकले,
आणि गेली.

"होईल अर्ध्या तासात," मी वरून सांगितलं.
"तोवर तू दाणा चावून बघ, बद्रीलाल.
मागच्या खेपेला ओल होती."