ठसा जुळत नाही

सेतू केंद्रात आज तिसऱ्यांदा आलाय तो.
नवा चष्मा, शर्टाच्या घड्या अजून पुठ्ठ्यासारख्या,
मागे दारात पोलीस शिपाई, तंबाखू मळत.

प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढतो.
शरणागतीचा दाखला, पासबुक,
घरकुलाचा अर्ज.
रैनू पुंगाटी, उर्फ, उर्फ, उर्फ.
तिसऱ्या उर्फापाशी माझं बोट कीबोर्डवर थांबतं :
प्रभात.
येरकाटोल्यात मात्र तो यायचा रात्रीच.

मशीनवर अंगठा ठेवा, म्हणते मी.
ठेवतो.
ठसा जुळत नाही.
पुन्हा ठेवा.
जुळत नाही.

‘रेषाच गेल्या म्हनते पोरगी,’ शिपायाला सांगतो तो.
‘बंदूक धरून धरून घासल्या असतीन,’ शिपाई म्हणतो
आणि दोघंही हसतात,
एकाच बसची वाट बघणारे हसतात तसे.

हा अंगठा मला ठाऊक आहे.
नऊ वर्षांची होते. मोहाखाली अख्खं गाव बसवलेलं,
घरटी एक लाकूड आणायचा हुकूम, उजेडासाठी.
आम्हीही आणलं.
मधे बाप, चुक्कू उसेंडी, हात मागे बांधलेले.
गुन्हा : ताप डोक्यात गेलेल्या माझ्या बहिणीला घेऊन
पोलिसांच्या गाडीत बसला, दवाखान्यापर्यंत.
परतताना तिला खांद्यावर टाकून पायीच आला होता,
ती थंड झाल्यावर.
तेही सांगितलं त्याने.

‘जनतेनं ठरवावं,’ म्हणाला प्रभातदादा,
‘मान्य असल, त्यानं हात वर करा.’
आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजत
फिरला रांगांमधून, कसलीच घाई नाही,
शाळेत हजेरी घ्यावी तसा.
एक हात कमी पडला.
आईसमोर येऊन उभा राहिला.
माझ्याकडे बघितलं, मग तिच्या मांडीवरच्या धाकट्याकडे,
आणि अंगठा तसाच धरून ठेवला शेवटच्या पेरावर
आईचा हात वर येईपर्यंत.

पुढचं कुऱ्हाडीने झालं. गोळी महाग पडते, म्हणाले.
आई अजून डाव्या हाताने जेवते.

‘व्यवसाय काय लिहू?’
‘शेती लिव नं.’
लिहिते, शेती.
‘तू कोन्या गावची, पोरी?’
‘इथलीच.’
तोंडातून गेलंच.
इतकी वर्षं झाली, शिपाई दारात आहे, तरीही.

‘हात धुऊन या. नळ मागे आहे.’
जातो. बराच वेळ पाणी वाहत राहतं.
परत येतो ओला हात पुढे करून,
लहान मूल आईपुढे करतं तसा,
आणि मला माझ्या ओढणीने पुसावा लागतो तो अंगठा,
धरून दाबावा लागतो काचेवर.
लाल.
लाल.
हिरवा.

पन्नास रुपये.
शंभराची नोट काढतो.
‘राहू दे, ठेव तुलेच.’
नाही, म्हणते मी. सुट्टे आणा.
समोर किराणा आहे, तिथं मिळतील.
मी बसलेली आहे.