चौदा फूट, दहा वाजेपर्यंत

कमिशनर ऑफिसच्या कंपाउंडाबाहेर, झेरॉक्सच्या खोक्याला लागून
माझं टेबल. एक पाय तोकडा, खाली करवंटी.
तुम्ही मराठीत बोलायचं, मी कन्नडात बडवते.
पानाला चाळीस. मंडळांना तीस,
ती दरवर्षी येतात.

मोनाप्पा हलगेकर येतो वैशाखाच्या पंधरा दिवस आधी,
मंडळाचा शिक्का रुमालात गुंडाळून.
'लिहा की बाई, मागल्या सालासारखंच.'
मागल्या सालासारखं काही नसतं, मोनाप्पा.
कलमं वाढतात गल्लीतल्या पोरांसारखी,
पंगतीला बसली की कळतं किती झाली.

मी वाचून दाखवते.
चित्ररथ जमिनीपासून चौदा फूट, वरून तारा गेल्यात.
दवाखान्यापुढं वाद्य बंद. मशिदीपुढं बंद.
शाळेपुढं बंद. (शाळेला त्या दिवशी सुट्टी. असू दे, बंद.)
फलकावर कन्नड वर, आणि मोठं.
स्वयंसेवक पन्नास, प्रत्येकाचा फोन नंबर, प्रत्येकाचा बाप.
'पोरं विचारूलालेत बाई, खडे बाजार मिळणार काय न्हाई.'
न्हाई. वळसा.
रात्री दहा.
आणि काही घडलं तर जबाबदार: एक नाव, एक सही.

इथं मोनाप्पा पेनाचं टोपण शोधत बसतो.

'माणसं किती येणार?' हा एक रकाना असतो.
'दोनशे घाला.'
वीस वर्षं मी दोनशे घालते.
हवालदार पूजेरी दोनशे वाचतात, चष्म्यावरून बघतात,
आणि बंदोबस्त लावतात चार हजारांचा.
एवढ्या एका खोट्यावर
ह्या गावात सगळ्यांचं एकमत आहे.

बडवता बडवता एक गंमत दिसते.
अर्जाचं अर्जि होतं.
रस्त्याचं रस्ते.
मिरवणुकीचं मेरवणिगे,
मुचलक्याचं मुच्चळिके,
आणि परवानगीला तर हातच लावावा लागत नाही,
शेवटची वेलांटी तेवढी ऱ्हस्व.
मग चाळीस रुपये कशाचे, असं कुणी विचारलेलं नाही अजून.
मीही सांगत नाही. पोट आहे मला.

परवा रात्री चित्ररथ आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला.
ट्रॅक्टरवर थर्माकोलचा किल्ला,
वरचा बुरूज करवतीनं कापलेला,
आणि कापलेला बुरूज काखेत धरून
एक पोरगा मागून चालत होता,
जसा काही कलम क्रमांक दोनचा पुरावा.

दहाला पूजेरींनी हात वर केला.
हलगी अर्ध्या ठोक्यात थांबली.
ट्रॅक्टर बंद. दिवे बंद.
अजून दोन गल्ल्या राहिल्या होत्या.
कुणी काही बोललं नाही.
दोऱ्या लावून पोरं ट्रॅक्टर ओढू लागली
आणि चार हजार माणसं मागून निघाली, नुसती,
घरी जातात तशी.

तेव्हा चपला ऐकू आल्या.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
फरफरणाऱ्या, अंगठा तुटलेल्या, नव्या करकरीत,
मध्येच पूजेरींचे बूट,
त्यांचंही घर त्याच बाजूला.
गॅलरीत उभी राहून मी पान न पान आठवलं,
चपलांच्या आवाजाबद्दल कुठं काही लिहिलेलं नव्हतं.

आज सकाळी मोनाप्पा आला, शिक्का न घेता.
हातात नोटीस: उंची चौदा फूट तीन इंच. खुलासा करा.
'बुरूज तर कापलेलास,' म्हटलं.
'तीन इंच आले कुठनं?'
म्हणाला, 'भावाचं बारकं वर बसवलं होतं.
माडीवर मैत्रीण दिसली त्याला.
त्यानं हात केला.'

कागद चढवलाय.
'मान्यरे' एवढं बडवून झालंय.
मोनाप्पा समोर बसून चहा फुंकतोय.
हात केला, हे सरकारी कन्नडात कसं घालावं,
बघते आहे.