चीक

शेवटच्या अकरा गायी गेल्या त्या सकाळी
उणे एकोणीस होतं.
ट्रकवाल्याने कानातले नंबर वाचले,
मी नावं घेतली.
मान्सिक्की, हेलुना, तुलिक्की…
ओमेना फळीवर चढेचना.
ताउनो पुढे झाला, तिच्या कानाशी काही बोलला,
मग चढली.
काय बोलला ते मी अजून विचारलेलं नाही.

त्यानंतरही पहाटे पावणेपाचला
दोघं टक्क जागे.
यंत्रं आली तरी पहिली धार मी हातानंच सोडायचे,
ती बोटं पांघरुणाखाली मिटायची, उघडायची.
गोठ्यातला रेडिओ बंद करायचा राहिला होता.
आठवडाभर तो रिकाम्या दाव्यांना हवामान सांगत होता.

आणि मग पिन्या.
चमचाभर दही, तेही आमच्याच घरचं,
ओठ सुजले, डोळे मिटले नव्या मांजरीसारखे.
सेइनायोकीपर्यंत ताउनोने गाडी अशी हाणली
की बर्फालाही रस्ता द्यावा लागला.
डॉक्टरने कागदावर एक शब्द लिहिला, त्याभोवती गोल काढला.
त्याच शब्दावर आम्ही छप्पर घातलं होतं,
ट्रॅक्टरचं कर्ज फेडलं होतं,
पिन्याच्या आईला शिकवलं होतं.

लापुआच्या दुकानात कपाटासमोर उभी राहिले,
चष्मा बदलून.
बदाम: ते झाड मी कधी पाहिलेलं नाही.
सोया: फार लांबून आलेला, दमलेला असणार.
वाटाणा. वाटाण्याचं!
माझी आई हसता हसता बाकावरून पडली असती.
ओट: हा घरचा. घोड्याचा, लापशीचा,
आजारी माणसाच्या वाटीतला.
दोन खोकी घेतली, बटाट्यांखाली दडवली,
कारण गल्ल्यावर सिल्वीची सून,
आणि सिल्वीकडे अजून चाळीस दुभत्या.
जन्मभर दूध विकलेली बाई मी,
पैसे मोजून देताना
चोरासारखी लाल झाले.

ताउनोने वास घेतला. म्हणाला, धुवण.
हे आपण वासरांना पाजायचो.
त्या दिवसापासून तो कॉफी काळी पितो
आणि कप जरा जोरात ठेवतो.

खोक्यावर ‘दूध’ छापायला कायद्याने मनाई आहे,
तिथे ‘पेय’ लिहिलंय.
पिन्याला वाचता येत नाही, ती दूधच म्हणते.
तापवलं तर साय धरत नाही, बुडाला लागतं.
असू दे. दुधावरची साय म्हणतात ती
समोर बसून पाय हलवतेय, पांढऱ्या मिशीची.

मला कुणाला शहाणं करायचं नाही.
वासरू पहिल्या दिवशी आईपासून तोडायचे, ते मीच.
तीन रात्री ती हंबरायची,
आणि मी स्वयंपाकघरात तिचा चीक
भट्टीत भाजायचे, वर तपकिरी डाग पडेपर्यंत.
चांगला लागायचा. खोटं कशाला बोलू?
अजूनही तोंडाला पाणी सुटतं,
आणि अजूनही ते हंबरणं ऐकू येतं.
दोन्ही एकाच वेळी.

वसंतात कुरणाची नांगरट केली, ओट पेरला.
गाय जिथे बसायची तिथे तो जास्त दाट, जास्त हिरवा,
वरून पाहिलं तर बसलेल्या गायींचे आकार दिसावेत.

जुलै. रात्रीचे अकरा, सूर्य अजून बांधावर रेंगाळलेला.
पीक चिकात आलंय.
ताउनो माझ्यापुढे चालत होता, थांबला,
एक लोंबी ओढली, दाणा नखाने चिमटला.
पांढरा थेंब आला अंगठ्यावर.
त्याने तो जिभेला लावला,
जसा व्यायलेल्या गाईचा पहिला थेंब लावायचा,
डोळे बारीक करून, श्वास धरून.

डास चावत होते. मी काही बोलले नाही.

‘अजून तीन आठवडे,’ तो म्हणाला,
आणि अंगठा पँटला न पुसताच
पुढे चालू लागला.