डझनाचा कागद

चाळीस वर्षं मी दुसऱ्यांची कातडी ओळखत आले.
म्हापशाच्या बाजारात हात पुढे आला
की आधी अंगठ्याखालचा उंचवटा दाबून बघायचा:
हा दोन-चार, हा दोन-सहा,
ही साबणाशिवाय व्हायची नाही.
मग एकच मंत्र: हात सैल सोड गो बाये,
हाड माझ्याकडे दे, जीव तुझ्याकडे ठेव.

आता माझाच हात मला ओळखू येत नाही.

बांबोळीच्या डॉक्टरने गोळी दिली, टिकलीएवढी, पांढरी.
म्हणाला, सांधे मोकळे होतील. झाले.
मार्चमध्ये वेणी घालता येत नव्हती,
मे महिन्यात मी एकटीने फणस फोडला.
गोळीने दिलं ते नाकारत नाही.
घेतलं काय, ते तिने सावकाश सांगितलं.

आधी चेहरा गोल झाला.
फुलवाली म्हणाली, तब्येत धरलीस!
मग हातांवर जांभळे डाग,
कुठे आपटले ते आठवत नाही असे,
झोपेत कुणी अंगावर भिंडां पिळून गेल्यासारखे.
मग एक दिवस दाराची कडी नुसती लागून गेली
आणि कोपराखालची कात उलटली.
फिरोजाबादहून काकणं येतात त्या डझनाभोवती
एक कागद असतो, झिरझिरीत,
आम्ही फाडून टाकतो, घडी कधी कुणी करत नाही.
तसा.

रडले नाही. लाज वाटली.
चिकटपट्टी लावली, ती काढताना आणखी एक पान घेऊन निघाली.
तेव्हापासून घरात चिकट काही नाही.
टेबलाच्या कोपऱ्यांना जुन्या चादरीच्या चिंध्या.
मांजराची नखं दर रविवारी.
उमाकांतचे फुटबॉलचे मोजे बोटांशी कापून
दोन्ही हातांत, कोपरापर्यंत.
आंघोळीनंतर खोबरेल. चोळायचं नाही, टेकवायचं.

भावजय म्हणते, एवढं होतंय तर सोड ना ती गोळी.
सोडू कशी? एकदम सोडली तर माणूस कोसळतो म्हणे.
हा जिना पायरीपायरीनेच उतरायचा,
दहाची साडेसात, साडेसातची पाच,
प्रत्येक पायरीवर डॉक्टरला विचारून.

बुधवारी पर्र्याला आनाक्लेताच्या मुलीचा चुडा होता.
आनाक्लेताचा मीच भरला होता, तिच्या मामाच्या घरी.
निरोप आला, दुसरं कोणी नको.
भाच्याला, उमाकांतला, पुढे बसवलं,
मी शेजारी, मोजे घातलेली, नुसती तोंडाने सांगणारी.
त्याचा हात घाईचा.
सातव्या काकणाला पोरगी कळवळली
आणि माझा हात माझ्या आधी पुढे गेला.
काच फुटली नाही. मोजा सरकला, मी फाटले.

बायका पदर, रुमाल, टॉवेल घेऊन धावल्या.
मी ओरडले, पुसू नका!
पाणी आणा. उलटलेली कात भिजवा,
ओढू नका, हळूच जागेवर परत बसवा,
वर ओला गॉज, पट्टी सैल.
पिशवीत असतंच सगळं.

इमेल्डा उठली. नवरी ती, सात काकणं एका हातात,
दुसरा हात रिकामा.
त्या रिकाम्या हाताने तिने माझं मनगट धरलं,
अंड्याला धरावं तसं,
आणि म्हणाली, हात सैल सोड गो मावशी.

मला येईना.
चाळीस वर्षं ज्याला त्याला सांगत आले
ते इतकं कठीण असतं,
एकीनेही मला उलटून सांगितलं नव्हतं.

उरलेली काकणं उमाकांतने साबण लावून भरली,
या वेळी सावकाश.
चादरीवर माझे दोन थेंब होते,
आनाक्लेताने त्यावर पानांचं तबक सरकवलं.

घरी येताना पिशवीत डझनाचे कागद निघाले.
एकेक सपाट केला, घडी घातली,
उशीखाली ठेवले.
कशाला, ते ठरवलेलं नाही.

सकाळी आठला पेज. मग पाचची.