ओलं वजन

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढली मी.
जांभळी नाक्यापासून कळव्यापर्यंत
एकाही काट्यानं माझ्यासमोर मान वाकडी केली नाही.
हे आधी सांगून टाकतो,
कारण पुढचं सांगायला जड जातं.

माझा खापरपणजा हाशा केणी, विटाव्याचा,
पडावावरचा तांडेल.
घाटावरनं बैलांच्या पाठीवर उतरलेला कापूस
कल्याणच्या धक्क्याला भरून घ्यायचा,
आणि रात्री, पारसिकच्या सावलीत नांगर टाकून
गासड्यांचे टाके उसवायचा.
गासडीमागे दोन घागरी खाडीचं पाणी.
जास्त नाही.
जास्त झालं की कापूस बोलतो, म्हणे.

मुंबईत रतनशी शेठचा मेहता बोट खुपसून बघायचा,
ओलं बोट धोतराला पुसायचा
आणि वहीत लिहायचा : कोरडा.

घरी पदी विचारायची, हे पाप कोणाच्या खाती?
‘कापूस शेटचा, पानी आमचा.
आमचा आमी इकला.’

मग खाडीवर पूल आला.
पुढे समुद्रापार कुठेतरी भावाभावांत लढाई जुंपली,
कापसाला सोन्याचा भाव आला,
आणि तो सगळा भाव हाशाच्या डोक्यावरून गेला,
अगदी खरोखर डोक्यावरून :
वर धडधडणारी डब्यांची रांग, खाली रिकामा पडाव,
आणि पडावात वर बघत बसलेला माणूस.
डब्यांतून उडालेला पिंजर तिवरांना अडकायचा.
पदी चिखलात गुडघाभर उतरून तो वेचायची,
वाळवायची, वाती वळायची.
आमच्या घरात सोन्याचा भाव
एवढाच जळला.

मुंबईला आता कापूस उतरवायला जागा पुरेना.
गोदामं हवीत, धक्के हवेत,
म्हणजे आधी समुद्र बुजवायला हवा.
हाशानं पडाव धुतला आणि दगड भरले.
फेरी फेरीनं
पारसिकचा डोंगर पडावात बसून मुंबईला गेला.
दगडात पाणी मुरत नाही.
या धंद्यात लबाडीला जागाच नव्हती,
म्हणून पैसाही नव्हता.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी
बंदरातला एक मोठा वजनकाटा तपासायला बोलावलं मला.
मालट्रक चढला, आकडे थरथरले, थांबले.
बरोबर.
मी शिक्का मारला.
बुटाखाली पाहिलं तर डांबर,
डांबराखाली भराव,
आणि भरावात कुठेतरी आमच्या डोंगराचा तुकडा,
ज्याची पावती घरात कुणालाच सापडलेली नाही.

घरी येताना पुलाशी थांबलो. ओहोटी होती.
नियमानं, ओल असेल तेवढं वजन वजा करावं लागतं.
गासडीमागे दोन घागरी.
अख्खं शहर काट्यावर घालून
मी ते वजा करायला तयार आहे;
फक्त दुसऱ्या पारड्यात
आधी पारसिक परत ठेवा.